'पहिला' या शब्दाची जबाबदारी : सामान्यज्ञान स्पर्धेच्या प्रश्नांसाठी मदत हवी आहे

गोदाघाट

नमस्कार. आमच्या भागातल्या वाचनालयात दर वर्षी २७ फेब्रुवारीच्या आठवड्यात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी सामान्यज्ञानाची स्पर्धा होते. क्रीडा, कला आणि सांस्कृतिक इतिहास हे विषय ठरलेले असून नाशिक जिल्ह्याशी संबंध असलेले प्रश्न त्यात जास्त असावेत असा प्रघात आहे. प्रश्न काढणे आणि उत्तरे तपासणे ही दोन्ही कामे गेली सहा वर्षे माझ्याकडे आहेत.

गेल्या वर्षी मी 'भारतातील पहिला चित्रपट कोणता?' असा प्रश्न विचारला होता. नववीतल्या एका मुलीने 'पुंडलिक' असे उत्तर लिहिले. माझ्याजवळच्या उत्तरसूचीत 'राजा हरिश्चंद्र' होते, म्हणून मी तिला शून्य गुण दिले. तिने तक्रार केली नाही. बक्षीस समारंभ आटोपल्यावर मी सहज त्या विषयावरचे वाचन करू लागलो, तेव्हा माझ्या लक्षात आले की तिचे उत्तर निराधार नव्हते, उलट माझा प्रश्नच अर्धवट होता. तिचा तिसरा क्रमांक दोन गुणांनी हुकला होता, आणि तो प्रश्न दोनच गुणांचा होता. ही गोष्ट वर्षभर माझ्या मनातून गेलेली नाही.

या वर्षीचे प्रश्न काढायला बसलो तेव्हा दिसले की माझ्या निम्म्या प्रश्नांत 'पहिला', 'पहिली' किंवा 'जनक' हे शब्द आहेत. भारताचा पहिला चित्रपट कोणता, राष्ट्रकुल स्पर्धेत पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला कोण, ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी साहित्यिक कोण, मल्लखांबाचे जनक कोण, दादासाहेब फाळके पुरस्काराच्या पहिल्या महिला मानकरी कोण, असे हे प्रश्न आहेत. प्रत्येकाची शब्दरचना नेमकी कशी असावी, हे जाणकारांनी सुचवावे. शिवाय एकाच प्रश्नात खेळ, कला आणि इतिहास यांतले दोन-तीन धागे गुंफता आले तर मला ते हवे आहे, कारण सुटी माहिती मुले परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात.

तिसरी घंटा

तुम्ही ज्या मुलीला शून्य दिले तिचे वाचन चांगले असले पाहिजे. दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, आणि फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी लोकांसाठी खुला झाला. निमंत्रितांसाठी त्याचा खेळ त्याआधी २१ एप्रिलला ऑलिंपिया थिएटरात झाला होता. म्हणजे केवळ तारीख पाहिली तर 'पुंडलिक' जवळजवळ वर्षभर आधीचा ठरतो.

तरीही मान फाळक्यांना मिळतो, त्याला कारण आहे, आणि ते कारण मुलांपर्यंत पोचले पाहिजे. 'पुंडलिक' हे रंगमंचावर चाललेल्या नाटकाचे चित्रण होते. कॅमेरा एका जागी ठेवून, प्रेक्षकाला खुर्चीतून दिसेल तसे ते टिपलेले होते. कॅमेरा चालवणारा माणूस इंग्रज होता आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली होती. फाळक्यांनी मात्र लंडनला जाऊन तंत्र शिकून घेतले, कॅमेरा विकत आणला, आणि पटकथेपासून फिल्म धुण्यापर्यंतचे सगळे काम इथल्या माणसांकडून इथेच करून घेतले. 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा, सुमारे ३,७०० फुटांचा होता. त्या खटाटोपात सरस्वतीबाई फाळके यांनी दागिने मोडले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि फिल्मच्या पट्टीला भोके पाडण्याचे कामही स्वतः केले. माझ्या मते त्यांच्यावर स्वतंत्र प्रश्न असायलाच हवा, कारण फाळक्यांवरच्या दहा प्रश्नांत त्यांचे नाव एकदाही येत नाही.

म्हणून तुमचा प्रश्न 'संपूर्णपणे भारतात आणि भारतीयांनी तयार केलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट कोणता?' असा करा. मग उत्तर एकच राहते आणि 'पुंडलिक' लिहिणाऱ्यावर अन्यायही होत नाही.

लालमाती

वरच्या प्रतिसादात एक भर घालतो, आणि ती तुम्हांला हव्या असलेल्या गुंफणीची आहे. भारतीय माणसाने टिपलेले पहिले चलच्चित्र म्हणजे कुस्तीचा एक सामना होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, हे मुंबईतले छायाचित्रकार. १८९६ च्या जुलैमध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचे खेळ झाले, त्यानंतर काही काळाने त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती चित्रित केली. 'भारतीयाने चित्रित केलेल्या पहिल्या चलच्चित्रात कोणता खेळ होता?' हा प्रश्न विचारून पाहा. मुले क्रिकेट लिहितील, आणि उत्तर कळल्यावर आयुष्यभर विसरणार नाहीत.

सातपूरकर

मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवतो, म्हणून माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मोकळेपणाने मांडतो. प्रश्नाला इतकी विशेषणे लावली तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला प्रश्न समजायलाच मिनिट लागेल. सामान्यज्ञान हे मुळात वेगाने आठवण्याचे कौशल्य आहे. पहिला चित्रपट म्हटले की 'राजा हरिश्चंद्र', हे सर्वमान्य उत्तर आहे आणि पुढे मोठ्या परीक्षांतही मुलांना तेच लिहावे लागणार आहे. वाचनालयाच्या स्पर्धेत 'पुंडलिक' बरोबर धरून आपण मुलांना पुढच्या परीक्षेत गोंधळात तर टाकत नाही ना, याचाही विचार व्हावा.

गोदाघाट

सातपूरकर, तुमची काळजी रास्त आहे आणि मी तिचा विचार केला. परंतु विशेषण लावल्यामुळे उत्तरे वाढत नाहीत, उलट कमी होतात. 'पहिला चित्रपट' म्हटल्यावर तीन उत्तरे संभवतात. सावे दादांची कुस्ती, तोरण्यांचा 'पुंडलिक' आणि फाळक्यांचा 'हरिश्चंद्र' ही तिन्ही आपापल्या अर्थाने पहिली आहेत. तिसऱ्या घंटेने सुचवलेल्या शब्दरचनेत एकच उत्तर उरते, आणि मोठ्या परीक्षेत अपेक्षित असलेले उत्तरही तेच आहे. ज्या मुलाला हा फरक ठाऊक आहे ते परीक्षेत अडखळणार नाही, असे मला वाटते.

धावपट्टी

राष्ट्रकुलाचा प्रश्न आहे तसा ठेवलात तर तो सरळसरळ चुकीचा ठरेल. आपण नाशिककर कविता राऊतचे नाव अभिमानाने घेतो आणि ते घ्यायलाच हवे, पण तिचा पहिलेपणा कशातला आहे हे नीट सांगितले तरच त्याचे मोल कळते.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूल भागात सावरपाडा नावाची आदिवासी वस्ती आहे. कविता तिथली, म्हणून तिला 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणतात. ८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर १०,००० मीटर शर्यतीत, म्हणजे धावपट्टीच्या पंचवीस फेऱ्यांत, ती ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांत तिसरी आली. पहिल्या दोघी केनियाच्या होत्या.

आता विशेषणे पाहा. 'राष्ट्रकुलात पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला' असे म्हणता येत नाही, कारण नेमबाजी, बॅडमिंटन यांसारख्या खेळांत स्त्रियांना त्याआधीच पदके मिळाली होती. 'ॲथलेटिक्समध्ये पदक मिळवणारी पहिली' असेही म्हणता येत नाही, कारण २००२ मध्ये मँचेस्टरला नीलम जसवंत सिंग यांना थाळीफेकीत रौप्य आणि अंजू बॉबी जॉर्ज यांना लांब उडीत कांस्य मिळाले होते. 'धावण्यात पहिली' म्हणावे तर २००६ मध्ये मेलबर्नला महिलांच्या ४ × ४०० मीटर रिले संघाने रौप्य जिंकले होते. म्हणजे 'ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला', एवढे सगळे शब्द लागतात.

हे शब्द लावल्याने तिचे यश लहान होते असे कोणाला वाटेल. मला ते मोठे झालेले दिसते. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत भारताला त्याआधीचे राष्ट्रकुल पदक मिळाले ते १९५८ मध्ये, कार्डिफला, मिल्खा सिंग यांच्या ४४० यार्डांच्या सुवर्णाच्या रूपाने. मध्ये बावन्न वर्षे गेली. त्या बावन्न वर्षांत पुरुष किंवा स्त्री, कोणालाही जे जमले नाही ते सावरपाड्याच्या मुलीने केले, आणि हे केवळ 'वैयक्तिक' आणि 'ट्रॅक' हे दोन शब्द जपल्यामुळे दिसते. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिला याच अंतरात रौप्य मिळाले.

चांदवडकर

धावपट्टी यांच्या प्रतिसादावरून आमच्या तालुक्यातल्या दत्तू भोकनळची गोष्ट आठवली. तळेगाव रोही हे त्याचे गाव. चांदवड भागातले पाण्याचे हाल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना कळेल की तिथला मुलगा नौकानयनात ऑलिंपिकपर्यंत जातो म्हणजे काय. घरच्या गरिबीत विहिरी खोदण्याची मजुरी केलेला हा तरुण सैन्यात भरती झाला आणि तिथे त्याच्या हाती वल्ही आली.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी होडी चालवण्याच्या शर्यतीत, त्याने अंतिम फेरीत पहिला क्रमांक मिळवला, असे आमच्याकडे पुष्कळ जण सांगतात. वाक्य खरे आहे, पण ती फेरी 'सी' होती. नौकानयनात पदकासाठीची शर्यत म्हणजे 'ए' अंतिम फेरी, आणि तिच्यात पहिले सहा क्रमांक ठरतात. सातवा ते बारावा क्रमांक 'बी'मध्ये आणि तेरावा ते अठरावा 'सी'मध्ये ठरतो. दत्तूने २,००० मीटरची ती शर्यत ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकली, म्हणून तो एकूण तेरावा आला. मुलांना 'सी फेरीत पहिला आलेल्या खेळाडूचा एकूण क्रमांक कितवा?' असे विचारले तर स्पर्धेची रचनाही कळेल आणि थोडे गणितही होईल. पुढे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्समध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, हेही जरूर विचारा.

पंचवटीकर

ज्ञानपीठाबद्दल थोडक्यात लिहितो. नाशिकची मुले हमखास कुसुमाग्रज लिहितात आणि ते चुकते. पहिले वि. स. खांडेकर, १९७४. कुसुमाग्रज दुसरे, १९८७. त्यानंतर २००३ मध्ये विंदा करंदीकर आणि २०१४ मध्ये भालचंद्र नेमाडे. कुसुमाग्रजांचा जन्मही नाशिकचा नसून पुण्याचा आहे, २७ फेब्रुवारी १९१२. मूळचे गजानन रंगनाथ शिरवाडकर दत्तक गेल्यावर विष्णु वामन झाले. नाशिक त्यांचे झाले ते राहून आणि लिहून, आणि १० मार्च १९९९ रोजी ते इथेच गेले. तुमची स्पर्धा त्यांच्या जन्मदिवसाच्या आठवड्यात असते, म्हणून एवढे तरी मुलांना अचूक यावे. शिवाय २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन आणि १ मे हा मराठी राजभाषा दिन, या दोहोंची गल्लत प्रश्नपत्रिकेच्या मथळ्यात तरी होऊ देऊ नका. अनेक फलकांवर ती झालेली मी पाहिली आहे.

लालमाती

'मल्लखांबाचे जनक' हा प्रश्न मला खटकतो. बाळंभटदादा देवधर यांच्याविषयी माझ्या मनात अतोनात आदर आहे, पण जनक म्हणजे ज्याच्या आधी ती गोष्ट नव्हती असा माणूस. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांनी खांबावर करायच्या व्यायामाचा उल्लेख येतो. बाळंभटदादा हे दुसऱ्या बाजीरावाच्या काळचे. म्हणून त्यांना पुनरुज्जीवक म्हणावे, आणि हा शब्द काही कमी मानाचा नाही. मागे पडलेल्या विद्येला पुन्हा उभे करून तिची पद्धतशीर तालीम घालून देणे हे मोठे काम आहे.

त्यांची आख्यायिका नाशिक जिल्ह्याशी जोडलेली आहे. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पेशव्यांच्या दरबारी आले आणि त्यांनी आव्हान दिले. ते स्वीकारायला कोणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभटाने मुदत मागून घेतली आणि तो वणीच्या सप्तशृंग गडावर जाऊन राहिला. तिथे देवीच्या कृपेने आणि मारुतीच्या दृष्टान्ताने त्याला लाकडी खांबावरची विद्या मिळाली, आणि परत येऊन त्याने अलीला चीत केले, असे सांगतात. प्रश्नात ही कथा घ्यायची असेल तर 'आख्यायिकेनुसार' हा शब्द आधी लिहा.

मला विचाराल तर मुलांना खांबाविषयीच विचारावे. पुरलेल्या मल्लखांबाला खालून वर अंग, मान आणि बोंड असे भाग असतात. लाकूड सागवान किंवा शिसव. घर्षण कमी व्हावे म्हणून त्याला एरंडेल लावतात. टांगता मल्लखांब निराळा, आणि आज जो दोरीचा आहे तो पूर्वी वेताचा असे. चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा दोरी आली. मल्लखांब ही आधी मल्लाची तालीम आहे. जोडीदार नसला तरी पकड, पेच आणि पायांचा अडसर यांचा सराव खांबाशी करता यावा, यासाठी तो आहे. नुसत्या 'जनक कोण' या प्रश्नात यातले काहीच येत नाही.

तिसरी घंटा

गुंफणीसाठी आणखी एक सुचवतो. आपण ज्याला गोल्फ क्लब म्हणतो, जिथे सकाळी अर्धे नाशिक चालायला जाते आणि जिथे महाराष्ट्राचे रणजी सामने झाले, त्या मैदानाचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रोज क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना हे नाव एका नाट्यगृहाशी जोडलेले आहे हे ठाऊक नसते. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त नाटकाचा प्रयोग होता. तिथे अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. त्या रात्रीचे नाटक होते गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा'. मैदान, नाटक आणि क्रांतिकार्य या एका प्रश्नात येतात.

इथेच एक सापळा आहे, तो टाळा. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला आपण 'शारदा कायदा' म्हणतो, आणि देवलांचे नाटक जरठ-कुमारी विवाहावरचे असल्याने ते नाव त्या नाटकावरून पडले असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. कायद्याचे विधेयक मांडणारे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून तो 'सारडा कायदा'. मुलीचे किमान वय चौदा आणि मुलाचे अठरा त्यात ठरवले होते. माझ्याच पिढीला हे चुकीचे शिकवले गेले, म्हणून सांगतो.

सातपूरकर

मी माझे आधीचे मत बदलले आहे, ते इथे नोंदवतो. काल वर्गात दोन्ही प्रश्न विचारून पाहिले. 'पहिला चित्रपट कोणता' याचे उत्तर मुलांनी ओरडून दिले आणि विषय तिथेच संपला. तिसऱ्या घंटेच्या शब्दरचनेतला प्रश्न वाचल्यावर मात्र एका मुलाने 'संपूर्णपणे भारतीयांनी, म्हणजे आधीच्यात कोण परके होते?' असे विचारले, आणि पुढचा अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो. एकच सूचना आहे. उत्तरसूचीत उत्तराशेजारी 'कारण' असा आणखी एक रकाना ठेवा, म्हणजे तुमच्या जागी दुसरे कोणी तपासायला बसले तरी निर्णय एकसारखे होतील.

गोदाघाट

सर्वांचे मनापासून आभार. 'कारण' हा रकाना घातला आहे. चित्रपटाचा प्रश्न तिसऱ्या घंटेच्या शब्दांत, कविताचा धावपट्टी यांच्या शब्दांत आणि दत्तूचा चांदवडकरांच्या शब्दांत घेतला. 'जनक' काढून टाकले, त्याऐवजी खांबाचे चित्र देऊन त्याचे भाग विचारणार आहे. कुस्तीचा प्रश्न सर्वांत शेवटी ठेवला आहे.

ज्या मुलीला मी शून्य दिले होते ती आता दहावीत आहे. मागच्या रविवारी तिच्या आईवडिलांना भेटून मी माझी चूक सांगितली. यंदा स्पर्धेत बसण्याऐवजी प्रश्नपत्रिका छापायला जाण्यापूर्वी ती एकदा वाचून देशील का, असे तिला विचारले. ती आली आणि अर्ध्या तासात पाचव्या प्रश्नावर पेन्सिलीने खूण करून थांबली. 'दादासाहेब फाळके पुरस्काराच्या पहिल्या महिला मानकरी कोण?' याचे माझ्याजवळचे उत्तर देविका राणी असे होते. ती म्हणाली, "सर, १९६९ चा पहिलाच पुरस्कार त्यांना मिळाला होता. त्यांच्या आधी कोणी पुरुषही नाही. मग इथे 'महिला' शब्द कशाला?"

तो शब्द खोडला आहे.